एकच भाषा, दोन अर्थ : इंग्रजीभाषकांच्या इतिहासातील काही गैरसमज

‘ध’ चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यामागे ‘धरावे’ या शब्दाचे कोणी ‘मारावे’ केले, असे परंपरा सांगते. ती कथा इतिहासाच्या कसोटीला कितपत उतरते, हा वाद येथे नको. त्या कथेत निदान अक्षर तरी बदलले होते आणि ते बदलणारा एक हात होता. इतिहासात याहून चमत्कारिक प्रकार घडलेले आहेत. अक्षर जागच्या जागी आहे, लिहिणारा प्रामाणिक आहे, वाचणाराही प्रामाणिक आहे, दोघांची मातृभाषा एकच आहे, आणि तरीही एकाने लिहिले ते दुसऱ्यापर्यंत पोचलेच नाही. इंग्रजीभाषकांच्या इतिहासात अशी काही उदाहरणे चांगली नोंदली गेली आहेत. आज जगातील निम्म्याहून अधिक महत्त्वाचा पत्रव्यवहार ज्या भाषेत चालतो असे आपण मानतो, त्या भाषेच्या घरातीलच ही भांडणे असल्याने ती जरा बारकाईने पाहण्यासारखी आहेत.

इंग्लंड आणि अमेरिका ही एकाच भाषेने विभागलेली दोन राष्ट्रे आहेत, हे बर्नार्ड शॉ यांच्या नावावर खपणारे वाक्य आमच्या वाचकांनी अनेकदा ऐकले असेल. गंमत अशी की, शॉ यांच्या छापील लेखनात ते सापडत नाही. ऑस्कर वाइल्ड यांच्या १८८७ सालच्या ‘द कँटरव्हिल घोस्ट’ या कथेत मात्र त्या आशयाचा एक टोमणा आहे. गैरसमजाविषयीच्या वाक्याबद्दलच गैरसमज व्हावा, हेही ठीकच झाले.

परंतु आमचे पहिले उदाहरण दोन राष्ट्रांमधले नाही. ते एकाच सैन्यातले, किंबहुना एकाच सरदार-वर्गातले आहे. क्रिमियन युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा येथे ब्रिटिश लाइट ब्रिगेडने तोफांच्या तोंडावर जो हल्ला केला, तो टेनिसन यांच्या कवितेमुळे आपल्याकडील शाळकरी मुलांनाही एके काळी ठाऊक असे. शौर्याची बाजू कवितेत आली. हुकमाची बाजू कागदपत्रांत आहे आणि ती अधिक उद्बोधक आहे.

सेनापती लॉर्ड रॅग्लन हे सपून टेकड्यांच्या माथ्यावर, रणभूमीच्या कितीतरी वर उभे होते. त्यांच्या पायाखाली दोन खोरी आणि त्या दोहोंच्या मधोमध एक बुटकी डोंगरधार होती. त्या धारेवरील मोर्चे सकाळीच तुर्की सैनिकांच्या हातून रशियनांनी घेतले होते आणि तेथील ब्रिटिश तोफा शत्रू ओढून नेण्याच्या बेतात आहे, असे रॅग्लन यांना वरून दिसले. त्यांनी सांगितलेला हुकूम जनरल एअरी यांनी पेन्सिलीने कागदाच्या तुकड्यावर उतरवला. घोडदळाने त्वरेने आघाडीकडे सरकावे, शत्रूच्या मागावर राहावे आणि शत्रूला तोफा नेऊ देऊ नयेत, अशी लॉर्ड रॅग्लन यांची इच्छा आहे, अशा आशयाचा तो हुकूम होता. कोणत्या तोफा, कोणती आघाडी, कोणती टेकडी, याचा उल्लेख नाही. तो करण्याची गरजच रॅग्लन यांना वाटली नाही, कारण त्या तोफा त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या.

घोडदळाचे प्रमुख लॉर्ड लुकन हे खाली खोऱ्यात होते. धारेपलीकडचे त्यांना काही दिसत नव्हते. त्यांना दिसण्यासारख्या तोफा म्हणजे उत्तरेकडील खोऱ्याच्या पार टोकाशी, सुमारे दोन किलोमीटरवर मांडलेला रशियन तोफखाना. ‘तोफा’ या शब्दाचा कोशातील अर्थ दोघांच्या लेखी एकच होता. फरक पडला तो उभे राहण्याच्या जागेमुळे. कचेरीतील वरच्या मजल्यावरून निघालेले आणि तालुक्याच्या ठिकाणी पोचलेले कागद ज्यांनी हाताळले आहेत, त्यांना याचे फारसे आश्चर्य वाटू नये.

तरीही हा घोटाळा सुधारता आला असता. हुकूम घेऊन आलेले कॅप्टन नोलन हे उत्तम घोडेस्वार होते, घोडदळावर त्यांनी ग्रंथ लिहिला होता, आणि त्या दिवशी सकाळपासून लुकन घोडदळाला स्वस्थ बसवून ठेवतात म्हणून ते संतापलेले होते. कोणत्या तोफा, असे लुकन यांनी विचारले. त्यावर नोलन यांनी हात झटकून तो पाहा तुमचा शत्रू आणि त्या पाहा तुमच्या तोफा, अशा अर्थाचे उद्धट उत्तर दिले, असे लुकन यांनी नंतर सांगितले. हात नेमका कोणत्या दिशेला गेला, हे कायमचे गूढ राहिले, कारण हल्ल्याच्या पहिल्या क्षणांतच नोलन मारले गेले. उरलेली साक्ष प्रामुख्याने ज्याच्यावर दोष येणार त्याच माणसाच्या बाजूची आहे, हे विसरता कामा नये.

आमच्या मते येथे शब्दापेक्षा स्वराने अधिक घात केला. रॅग्लन हे कमालीचे सौम्य गृहस्थ होते. हुकूम देतानाही ‘इच्छा आहे’ असे म्हणण्याची त्यांची रीत होती. ती सौम्य इच्छा नोलन यांच्या तोंडून बाहेर पडली तेव्हा तिला आव्हानाचा, जवळजवळ भित्रेपणाच्या आरोपाचा सूर लागला होता. त्या सुरानंतर पुन्हा प्रश्न विचारणे म्हणजे अब्रू घालवणे, असे लुकन यांना वाटले असणार. पुढे लुकन यांनी तोच हुकूम लाइट ब्रिगेडचे प्रमुख लॉर्ड कार्डिगन यांना दिला. हे दोघे मेहुणे-मेहुणे आणि एकमेकांचे हाडवैरी. दोघांत चार शब्द मोकळेपणाने बोलले गेले असते तरी कदाचित काही निष्पन्न झाले असते. ते झाले नाही. सुमारे ६७० स्वार त्या खोऱ्यात शिरले. शंभरावर ठार झाले, त्याहून अधिक जखमी झाले आणि घोड्यांचा तर निम्म्याहून अधिक संहार झाला. लुकन यांना मायदेशी परत बोलावले गेले. त्यांनी लष्करी न्यायालयापुढे चौकशीची मागणी केली, ती नाकारली गेली. हेच गृहस्थ पुढे १८८७ मध्ये फील्ड मार्शल झाले, ही गोष्ट नोंदवून आम्ही पुढे जातो.

महाभारतकारांना स्वराचे हे सामर्थ्य पुरते ठाऊक होते. ‘नरो वा कुंजरो वा’ या प्रसंगात धर्मराज खोटा शब्द उच्चारत नाहीत. अर्ध्या वाक्याचा आवाज उतरतो, एवढेच.

आता दोन राष्ट्रांकडे वळू. डिसेंबर १९४१ मध्ये, अमेरिका युद्धात उतरून पंधरवडा होतो न होतो तोच, चर्चिल आपल्या सेनाधिकाऱ्यांसह वॉशिंग्टनला पोचले. ‘आर्केडिया’ या सांकेतिक नावाने ओळखली जाणारी ती परिषद १४ जानेवारी १९४२ पर्यंत चालली. आधी जर्मनीचा पाडाव, मग जपानचा, हा अग्रक्रम तेथे पक्का झाला आणि दोन्ही देशांच्या सेनाप्रमुखांची संयुक्त समिती तेथेच आकाराला आली. या दोन सेनाप्रमुख-मंडळांच्या सहवासातला एक किस्सा चर्चिल यांनी आपल्या महायुद्धाच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात नोंदवला आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी एक टिपण तयार केले. विषय निकडीचा होता. म्हणून ते ‘टेबल’ करावे, अशी त्यांची मागणी. अमेरिकन अधिकाऱ्यांनी तिला कसून विरोध केला. विषय इतका महत्त्वाचा असताना तो ‘टेबल’ कसा करायचा? बराच वेळ वादावादी झाली, तीत कडवटपणाही आला, आणि मग लक्षात आले की, दोन्ही पक्षांना हवे ते एकच आहे. ब्रिटिश अर्थाने ‘टेबल’ करणे म्हणजे चर्चेसाठी पुढे मांडणे. अमेरिकन अर्थाने ते चर्चेतून काढून बासनात बांधून ठेवणे.

हे दोन्ही अर्थ एकाच मेजावरून निघाले, हे त्यातले कौतुक. कागद सभागृहाच्या मेजावर ठेवला, एवढीच मूळ कृती. वेस्टमिन्स्टरच्या परंपरेत मेजावर आलेला कागद सर्वांसमोर आला असे समजतात. अमेरिकेच्या विधिमंडळांत मेजावर ठेवलेला प्रस्ताव तेथेच पडून राहू लागला आणि हळूहळू मेजावर ठेवण्याचा ठराव हे तो प्रस्ताव मारण्याचे सोपे साधन बनले. १८७६ साली हेन्री रॉबर्ट या लष्करी अभियंत्याने सभासंचालनाचे जे नियमपुस्तक सिद्ध केले, त्यातही मेजावर ठेवणे म्हणजे चर्चा तूर्त बाजूला सारणे असाच अर्थ आहे. आपण या बाबतीत वेस्टमिन्स्टरचे वारस आहोत. ‘अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात आला’ असे मराठी वृत्तपत्र लिहिते तेव्हा तो अहवाल उजेडात आला, असेच आपण समजतो. त्यानंतर त्याचे काय होते ते पाहता अमेरिकन अर्थही कधी कधी लागू पडतो, ही गोष्ट वेगळी.

मध्य प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी मंडळींना या प्रकाराचा अनुभव घरबसल्या आहे. राज्य शासनाच्या सेवेत दिवसभर हिंदी नस्त्यांवर ‘संशोधन’ म्हणजे दुरुस्ती असे लिहायचे आणि संध्याकाळी वाचनालयात ‘संशोधन’ म्हणजे नव्या ज्ञानाचा शोध असे वाचायचे. हिंदीत ‘शिक्षा’ ही शाळेत मिळते आणि मराठीत ती न्यायालयात. हिंदीतील ‘आपत्ति’ म्हणजे हरकत आणि आपली ‘आपत्ती’ म्हणजे संकट. परंतु आपल्याला निदान एवढे माहीत असते की, या दोन भाषा आहेत. त्यामुळे शब्द ओळखीचा दिसला तरी मन जरा सावध असते. इंग्रज आणि अमेरिकन यांना हे सावधपण मिळत नाही. समोरचा आपलीच भाषा बोलतो आहे, या भरवशावर ते चालतात, आणि ठेच नेमकी त्या भरवशाला लागते.

अमेरिकेच्या युद्धखात्याने हे ओळखले होते. १९४२ साली ब्रिटनमध्ये जाणाऱ्या आपल्या सैनिकांसाठी त्या खात्याने एक छोटी पुस्तिका काढली. ब्रिटिश माणूस गाडीत शेजारी बसून बोलत नाही याचा अर्थ तो तुमच्यावर रुष्ट आहे असा नाही, फुशारकी मारू नका, त्यांच्या पैशांची व उच्चारांची थट्टा करू नका, अशा शहाणपणाच्या गोष्टींबरोबरच तेथे शब्दांबाबतही इशारे आहेत. अमेरिकेत ‘बम’ म्हणजे फाटका, भणंग माणूस. आपण आज अगदी ‘बम’ दिसतो आहोत असे अमेरिकन सैनिक सहज म्हणून जाई. ब्रिटिश कानांना मात्र त्या शब्दात शरीराचा पृष्ठभाग ऐकू येई. ‘होमली’ या शब्दाची कथा तर त्रिखंडात पसरलेली आहे. ब्रिटिशांच्या तोंडी तो साध्या, घरगुती ऊबेचा शब्द. अमेरिकेत ‘होमली’ स्त्री म्हणजे रूपाने बेताची. आपल्याकडील इंग्रजी विवाहविषयक जाहिरातींत वर्षानुवर्षे ‘होमली’ वधूची मागणी होत आली आहे, आणि ती वाचून एखाद्या अमेरिकन पाहुण्याला भारतीय वरपक्षाच्या उदारपणाचा आदर वाटला असल्यास नवल नाही.

येथवरचे हसण्यावारी नेता येते. कोरियात जे घडले ते तसे नाही.

एप्रिल १९५१ मध्ये ब्रिटनची २९ वी ब्रिगेड इम्जिन नदीच्या दक्षिणेला, सोलकडे जाणारा मार्ग अडवून उभी होती. ब्रिगेडियर टॉम ब्रोडी हे तिचे प्रमुख आणि अमेरिकेच्या तिसऱ्या डिव्हिजनचे मेजर जनरल रॉबर्ट सूल हे त्यांचे वरिष्ठ. फळी लांब होती, सैन्य विरळ होते, तुकड्यांमध्ये मोठाली मोकळी अंतरे होती. २२ एप्रिलच्या रात्री चिनी सैन्याने नदी ओलांडायला सुरुवात केली. डाव्या टोकाला ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पहिली बटालियन होती, लेफ्टनंट कर्नल जेम्स कार्न यांच्या हाताखाली. तिच्यावर कित्येक पटींनी मोठे सैन्य कोसळले. बटालियन मागे रेटली गेली आणि शेवटी २३५ क्रमांकाच्या टेकडीवर चहूबाजूंनी वेढली गेली. पाणी संपत आले, दारूगोळा संपत आला, बिनतारी यंत्रांच्या बॅटऱ्या मंदावल्या.

अशा वेळी सूल यांनी ब्रोडी यांच्याकडे परिस्थितीची विचारपूस केली आणि ब्रोडी यांनी परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ आहे असे उत्तर दिले, अशी हकिकत सांगितली जाते. लढाईला पन्नास वर्षे झाली त्या वेळी, २००१ मध्ये, ब्रिटिश वृत्तपत्रांतून ती पुन्हा गाजली. शब्दशः पाहिले तर परिस्थिती जरा चिकट आहे, एवढाच त्याचा अर्थ. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ होता : आम्ही बुडतो आहोत. संकट जितके मोठे तितका शब्द लहान, हा त्या वर्गाचा संस्कार. आरडाओरड करणे म्हणजे धीर सुटल्याची कबुली. ब्रिटिश वरिष्ठाने हे उत्तर ऐकले असते तर तो खुर्चीतून उठला असता. अमेरिकन वरिष्ठाने ते सरळ अर्थाने घेतले. अडचण आहे, पण माणसे टिकून आहेत. मग तातडीने माघारीचा हुकूम देण्याचे कारण काय?

२५ एप्रिलच्या सकाळी कार्न यांनी आपल्या माणसांना जमेल तसे निसटण्यास सांगितले. एका कंपनीतील काही जण उलट दिशेने, शत्रूच्या बाजूला उतरून वळसा घालत सुटले. बाकीचे सापडले. बटालियनचे पाचशेहून अधिक सैनिक युद्धकैदी झाले आणि त्यांतील कित्येक बंदिवासात मरण पावले. संपूर्ण ब्रिगेडचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून हजारावर नुकसान झाले. कार्न यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बटालियनला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या नावाचे मानपत्र मिळाले.

ही कथा इतकी नेटकी आहे की, तिच्यावर संपूर्ण भार टाकताना आम्हांला संकोच वाटतो. वरच्या पातळीवर ती फळी होता होईल तो धरून ठेवण्याचाच आग्रह होता. शिवाय ग्लॉस्टर्सकडे कोणी फिरकलेच नाही, असेही नाही. २४ एप्रिलला फिलिपिन्सची बटालियन आणि ब्रिटिश रणगाडे त्यांच्या सुटकेसाठी निघाले होते. अरुंद घळीत पुढचाच रणगाडा निकामी झाला, वाट बंद झाली आणि सुटका करणारे सैन्य काही मैल अलीकडेच थांबले. तेव्हा बटालियन गेली ती एका शब्दाने, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. घळ, अंधार, अंतर आणि शत्रूची संख्या यांनाही त्यांचा वाटा दिला पाहिजे. पण निर्णय घेणाऱ्या माणसाच्या मनातले चित्र ज्या शब्दांनी बनले, ते शब्द चुकीच्या मापाने मोजले गेले, एवढे खरे धरायला हरकत नसावी. या प्रकरणात ‘गैरसमज’ हा शब्द काही जणांना सोयीचाही वाटला असेल. गैरसमज म्हटले की, चूक कोणाच्याच पदरी पडत नाही. बालाक्लाव्हानंतर निदान कोणी तरी परत बोलावले गेले होते.

कोरियातील त्या कैद्यांच्या इतिहासाशी एका मराठी माणसाचे नाव वेगळ्या कारणाने जोडलेले आहे. १९५३ मध्ये शस्त्रसंधी झाल्यावर मायदेशी जाण्यास नकार देणाऱ्या दोन्ही बाजूंच्या कैद्यांचा ताबा भारतीय दलाकडे आला. त्या दलाचे प्रमुख कोल्हापूरकडील मेजर जनरल शंकरराव थोरात हे होते. कोरियन, चिनी, इंग्रजी अशा भाषांतून दुभाष्यांमार्फत चाललेले ते काम. तेथे प्रत्येक वाक्य दुभाष्याच्या तोंडून दुसऱ्यांदा उच्चारले जाई. इम्जिनवर दुभाष्याची गरज कोणालाच भासली नव्हती.

मुत्सद्द्यांच्या जगातही हे घडते. नासर यांनी २६ जुलै १९५६ रोजी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. १ ऑगस्टला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस लंडनला आले आणि नासर यांनी गिळलेले त्यांना ओकायला लावण्याचा मार्ग शोधला पाहिजे, अशा आशयाचे बोलले. पंतप्रधान ईडन यांच्या कानांत हे शब्द कित्येक महिने घुमत राहिले, असे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात नमूद केले आहे. डलेस हे मूळचे वकील. त्यांचा भर होता तो मार्ग शोधण्यावर, म्हणजे वाटाघाटी, परिषदा, जागतिक लोकमत यांवर. ईडन यांनी ऐकले ते ओकायला लावणे. शरद ऋतूत ब्रिटिश-फ्रेंच सैन्य इजिप्तमध्ये उतरले तेव्हा अमेरिकेने पाठिंबा तर दिला नाहीच, उलट पौंडावर आलेल्या ताणाच्या वेळी हात आखडता घेतला. ६ नोव्हेंबरला युद्धविराम मान्य करावा लागला आणि जानेवारी १९५७ मध्ये ईडन पायउतार झाले. ईडन यांना ऐकायचे होते तेच त्यांनी ऐकले, असेही कोणी म्हणेल. ते बहुधा खरेच आहे. मात्र डलेस यांच्या शब्दांनी त्याला जागा करून दिली होती.

आकडे तरी निर्विवाद असावेत, असे आपण समजतो. पण तेथेही तीच गत. अमेरिकन ‘बिलियन’ म्हणजे आपले शंभर कोटी, अर्थात एक अब्ज. जुना ब्रिटिश ‘बिलियन’ म्हणजे दहा लाख वेळा दहा लाख, म्हणजे त्याच्या हजारपट. अखेर २० डिसेंबर १९७४ रोजी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी पार्लमेंटमध्ये लेखी उत्तर देऊन सरकारी व्यवहारात यापुढे अमेरिकन अर्थच धरला जाईल, हे स्पष्ट केले. इंग्रजांनी आपला अर्थ इतक्या निमूटपणे सोडून दिल्याची उदाहरणे थोडी आहेत. गॅलनच्या बाबतीत मात्र दोन्ही देशांची मापे वेगळीच राहिली : ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरांहून किंचित मोठा, अमेरिकन पावणेचार लिटरांच्या आसपास.

शब्दांचा हा धोका सर्वांत गंभीरपणे घेतला तो विमानवाहतुकीने. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी टेनेरीफच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्यू पावली. तेथे बोलणाऱ्यांत डच होते, स्पॅनिश होते, अमेरिकन होते. बोलणे मात्र इंग्रजीत चालले होते. डच वैमानिकांनी आपण ‘टेक-ऑफ’च्या स्थितीत आहोत, अशा अर्थाचे मोघम वाक्य उच्चारले. विमान उड्डाणासाठी धावू लागले आहे, असा त्याचा अर्थ होता. नियंत्रकाने ते उड्डाणाच्या जागी थांबले आहे असे समजून घेतले. त्या अपघातानंतर ठरले की, ‘टेक-ऑफ’ हे शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचे. त्याआधीच्या सर्व बोलण्यात ‘डिपार्चर’ हा शब्द वापरायचा. वैमानिकाने मिळालेली परवानगी नुसती ‘ठीक आहे’ म्हणून स्वीकारायची नाही, तर शब्दशः परत म्हणून दाखवायची.